केरात गेलेली सरासरी

बसा, चहा ओतते. पण एक गोष्ट आधी कबूल करा. माझं बोलणं होईपर्यंत मागच्या खोलीत कोणी डोकवायचं नाही, अन् तिथल्या झाडूच्या खिळ्याकडे तर अजिबात पाहायचं नाही. काहून म्हणता? सांगते ना. माणसानं एकदा अशी माती खावी, की पुढं कोणाले शहाणपण शिकवायले तोंड राहू नये. माझी ती खाऊन झाली आहे, पोटभर.

तुम्हाले ते बोंडअळीचे सालं आठवतात ना? बोंड वरून हिरवंगार, अन् फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी पाहुण्यासारखी बसलेली. लोक असे भेदरले होते, की शेजाऱ्यानं पंप उचलला की आपणही उचलायचा. अन् फवारता फवारता चक्कर येऊन कितीक जण दवाखान्यात गेलते. तेव्हा आमच्याकडे एक संस्था आली. त्यांचं म्हणणं साधं होतं. आंधळेपणानं फवारू नका, आधी त्या अळीचे पाखरं, म्हणजे पतंग, मोजा, मग ठरवा.

पाखरं मोजायचे कसे? तर सापळ्यानं. बांबूवर एक प्लास्टिकची टोपी, टोपीखाली लांब पिशवी. टोपीत एक गोळी बसवायची. त्या गोळीले मादी पाखराचा वास असते, तो आपल्याले येत नाही, पण नर पाखराले बरोबर येते. बिचारा बायको भेटंन म्हणून येते अन् पिशवीत पडते. सकाळी जाऊन पडलेले मोजायचे. लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पडले म्हणजे धोका, फवारणी करा. आठाच्या आत असले तर गप बसा.

हे सगळं मी तुम्हाले आत्ता सांगून राह्यली. तेव्हा मले यातलं अर्धंच माहीत होतं. कोणतं अर्धं माहीत नव्हतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

संस्थेनं सहा जण निवडले. मारेगावच्या बाजूनं मी. मुकुटबनचे रफिकभाई, त्यांचं मोटर दुरुस्तीचं दुकान अन् वर थोडी शेती. पांढरकवड्याकडच्या तांड्यावरचे आडेभाऊ. बाकीचे तिघं कोण होते, ते मले आजही धड माहीत नाही. साहेब बसायचे नागपूरले. आम्ही सहा जण एकमेकांले कधी भेटायचोच नाही. सगळं काम मोबाइलवरच्या ग्रुपवर. रोज सकाळी सातच्या आत प्रत्येकानं आपल्या सापळ्याचा आकडा टाकायचा, संध्याकाळी साहेब सहा आकड्यांची सरासरी काढणार, अन् तिच्याखाली सल्ला लिहिणार. तो सल्ला मग गावोगावी जायचा.

मले काहून निवडलं? बारावी पास, घरी शिलाईचं काम, म्हणजे बाई घरीच सापडते, अन् मोबाइल चांगला. आमचे हे ट्रकवर, दहा-दहा दिवस हायवेवर. म्हणून शेत पाहायच्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शाळेची पायरी चढल्या नाहीत, मोबाइल हातात दिला तर उलटा धरतात. पण कपाशीच्या ओळीतून एक चक्कर मारली, की कोणतं झाड रुसलं हे त्यांले कळते.

घराच्या मागंच आमचा एक एकर आहे, अन् दोन एकर नाल्यापलीकडं. त्या साली पोळ्याच्या दिवशी आत्याबाईनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "घरामांगचा एकर वंदनाचा. त्याच्या कापसातून तिले पिकोची मशीन घेऊन देईन मी. पोरगी हातानं फॉल लावू लावू वाकडी झाली."

तुम्हाले काय सांगू, मी त्या रात्री मशीन ठेवायची जागासुद्धा झाडून ठेवली.

आता प्रशिक्षणाचं ऐका. तेही मोबाइलवरच, व्हिडिओवर. सापळा अन् एक छोटं पाकीट आधीच घरी आलतं. साहेब तिकडून तासभर बोलत होते. मी मोबाइल मशीनवर उभा करून ठेवला, अन् सरपंचबाईचं ब्लाउज शिवायले बसली. सणाचे दिवस, माझ्याकडे ब्लाउजाचा ढीग. म्हटलं, सहा जण ऐकून राह्यले, काही राहिलंच तर कोणाले तरी विचारता येईल. शेवटी साहेबांनी विचारलं, "सर्वांना समजलं ना?" सहाही जणांनी कॅमेरे बंद ठेवून एका सुरात सांगितलं, "हो सर."

ते पाकीट मी उघडलं तर आत रबराचे बारके तीन तुकडे. वास घेऊन पाहिला, काहीच नाही. मले वाटलं, डांबर गोळ्यांसारखं काही असेल. कपाशीवाल्या लोकांनी कापडात ठेवायले दिलं. फुकटचा माल, वास कुठून येईल? मी तिन्ही तुकडे कपाटात साड्यांच्या घड्यांत ठेवून दिले. कपाटाचं एक दार लागत नाही, अन् कपाट मागच्या खोलीत, खिडकीजवळ. खिडकीतून दिसते घरामागचा एकर. हे ध्यानात ठेवा.

सापळा मी मात्र बरोबर उभा केला, घरामागच्या एकरात मधोमध. घरापासून बरोबर शंभर पावलं. मी मोजले होते. म्हणजे पावलं मोजले होते.

पहिल्या सकाळी मी खरंच गेली, देवाशपथ. पिशवीत एक नाकतोडा अन् एक वाळलं पान. आता ग्रुपवर शून्य कसा टाकायचा? सगळ्यांले वाटंन, बाई कामच करत नाही. रफिकभाईनं काही टाकलं नव्हतं, आडेभाऊनं नव्हतं. मी जरा विचार केला अन् पाच टाकला. पाच कसा भरल्या घरासारखा वाटते, अन् आठाच्या खालीही राहते. साहेबांनी लगेच लिहिलं, "उत्तम सुरुवात." मग रफिकभाईचा आला सहा, आडेभाऊचा चार, अन् बाकीच्यांचे पाच, पाच, पाच. संध्याकाळी सरासरी आली पाच. मले इतकं बरं वाटलं. म्हटलं, पाहा, अंदाज किती बरोबर निघाला माझा.

दुसऱ्या दिवसापासून मी सापळ्याकडे गेली नाही. कायले जायचं? माझा हिशोब असा होता. आकडे सहा, त्यात माझा एक. माझा थोडा इकडंतिकडं झाला, तर बाकीचे पाच सांभाळून घेतील. सरासरी म्हणजे काय मी एकटी आहे का? अन् रफिकभाईसारखा माणूस, मोटरचा एकेक वेढा मोजून गुंडाळणारा, तो पाखरं चुकीचे मोजणार आहे का? त्यांचा आकडा रोज सगळ्यांच्या आधी यायचा. मी चहाचं आधण ठेवलं की त्यांचा आकडा पाहायची. त्यांचा पाच, तर माझा कधी पाच, कधी चार. रोज अगदी तोच टाकला तर कॉपी दिसंन ना? तेवढी इमानदारी होती माझ्यात.

आता त्याच दिवसांत घरी काय चाललं होतं, ते पाहा.

"वंदना, घरात पाखरं भल्ले झाले व," आत्याबाई म्हणाल्या.

"लाइट असते ना आत्याबाई मशीनवर. येतात लाइटले."

"लाइट तं पहिले बी होता."

"पावसाळा आहे."

"पावसाळा बी दरसाली येते," आत्याबाई म्हणाल्या.

पाखरं म्हणजे गव्हाएवढे, राखाडी. रोज सकाळी मागच्या खोलीत कपाटाखाली पडलेले. मी काय करायची? एका हातात मोबाइल, एका हातात झाडू. इकडं ग्रुपवर पाच टाकायची, अन् तिकडं सुपलीभर पाखरं झाडून दारात लोटायची. दार ओलांडलं की पुढचं आत्याबाई पाहायच्या. त्या दारातच बसलेल्या असायच्या, कापसाची सरकी निवडत.

अन् रोज संध्याकाळी त्या मले विचारायच्या, "काय म्हन्ते व तुहा गुरूप?"

"पाच म्हणते. फवारणीची गरज नाही."

"साहाई जनाचं तेच हाय?"

"सगळ्यांचं तेच."

"मंग बराबर असंन," म्हणायच्या अन् चुलीकडे वळायच्या. एकदा त्या बोलल्याही, "सापया तं रिकामाच दिसते व." मी त्यांले समजावून सांगितलं, की आत्याबाई, पाखरं खाली पिशवीत असतात, वरून दिसत नाही, हे शास्त्र आहे. त्यांनी मान हलवली. मले माझ्या बारावीचा त्या दिवशी इतका अभिमान वाटला होता, काय सांगू.

असे चांगले चार आठवडे गेले. मधे एकदा सरासरी सातवर गेली, तर सगळे असे दचकले, की दुसऱ्या दिवशी आपोआप चारवर उतरले. कारण आठ झाले की साहेब फोन करणार, पाहणी होणार, अहवाल लिहायचा. पाखरांलेही हे कळत असावं, असं मी तेव्हा समजत होती.

मग एका सोमवारी ग्रुपवर साहेबांचा लांबलचक निरोप आला. "आपल्या पथकाच्या आकड्यांमध्ये विलक्षण सातत्य आढळून आले आहे. अन्य कोणत्याही पथकात असे सातत्य नाही. त्यामुळे आपल्या पथकास आदर्श पथक म्हणून निवडण्यात येत आहे. गुरुवारी सकाळी प्रातिनिधिक स्वरूपात मारेगाव येथील सापळ्याची पाहणी करून प्रमाणपत्र देण्यात येईल."

पाचही जणांनी खाली टाळ्या टाकल्या. दुसऱ्याच्या घरी साहेब चालला, की टाळ्या वाजवायले काय जाते?

मी कात्री बाजूले ठेवली. लगेच रफिकभाईले फोन लावला. त्या माणसाशी मी जन्मात पहिल्यांदा बोलून राह्यली होती.

"रफिकभाई, मी मारेगावची वंदना. तुमचा खरा आकडा किती येऊन राह्यला?"

"टाकतो ना ताई, रोज टाकतो ग्रुपवर."

"तो नाही. खरा."

फोनवर दुकानातली मोटर बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ताई, तुम्ही बहिनीसारख्या म्हणून सांगतो. माह्या सापळ्याची पिशवी बकरीनं खाल्ली, पोळ्याच्या आधीच. मी तर काल संध्याकाळी साहेबानं काढलेली सरासरी, तेच सकाळी टाकून देतो. साहेबानं काढेल सरासरी हाय, चुकीची कशी राहीन?"

म्हणजे पाहा कसं होतं ते. रफिकभाई टाकायचे कालची सरासरी. मी टाकायची रफिकभाईचा आकडा. मग आडेभाऊले फोन केला, तर ते म्हणाले, "मी तर तुमच्यात एक मिळवतो नाही तर एक वजा करतो, ताई. तुमचा आकडा मले पहिल्या दिवसापासून पक्का वाटला. पहिला तुमचाच आलता ना." अन् संध्याकाळी आमची बेरीज करून साहेब काढायचे सरासरी, जी सकाळी पुन्हा रफिकभाई टाकायचे. महिनाभर कोणी पाखराचं तोंड पाहिलं नव्हतं, अन् पाचाचा आकडा आपला आपण जगून राह्यला होता. अन् तो जन्माले कोणी घातला होता? ह्या बाईनं. एका नाकतोड्याच्या अन् वाळल्या पानाच्या भरवशावर.

"आता काय करू रफिकभाई? गुरुवारी साहेब पिशवी उघडून पाहीन."

"पाच पाखरं टाका ना पिशवीत. साहेब नागपूरचा हाय, त्याले कोणतंबी पाखरू सारखंच."

सल्ला मले पटला. अशा वेळी वाईट सल्ला लवकर पटते.

गुरुवारी सकाळी मागच्या खोलीतला केर काढला. रोजच्यासारखे पाखरं होतेच. त्यातले पाच चांगले, पंख न तुटलेले, निवडून रुमालात बांधले. बाकीचे रोजच्यासारखे दारात लोटले. आत्याबाई दारात बसल्या होत्या. मी काय करून राह्यली हे पाहत होत्या. मी शंभर पावलं चालत गेली. सापळ्याच्या टोपीत कोळ्यानं मोठं घर बांधलं होतं. ते झाडलं, पाच पाखरं पिशवीत सोडले, अन् देवाचं नाव घेऊन साहेबांची वाट पाहत उभी राहिली.

साहेब आले. ग्रुपवर त्यांचा फक्त एवढासा गोल फोटो होता. ते एवढे उंच असतील असं वाटलं नव्हतं. हातात प्रमाणपत्र, चौकटीत बसवलेलं. सरळ सापळ्याकडे गेले, पिशवीची गाठ सोडली, पाखरं तळहातावर घेतले, अन् चेहरा खुलला.

"वा, ताई. बरोबर पाच. आणि पाचही गुलाबी बोंडअळीचेच पतंग. एकही दुसरा कीटक नाही. इतका स्वच्छ सापळा मी पाहिला नव्हता."

आता मले सांगा, ह्या वाक्यानं माणसानं आनंदानं नाचावं की नाही? पण मी त्यांच्या तळहाताकडे पुन्हा पाहिलं.

"सर, हे... हे बोंडअळीचेच आहेत?"

"अर्थात. तुम्ही महिनाभर हेच तर मोजताय."

मी महिनाभर हेच झाडून राह्यली होती. सुपल्या भरभरून.

साहेबांनी टोपीत बोट घातलं. "ल्यूर कुठे आहे?"

"काय कुठं आहे?"

"ल्यूर. गोळी. रबराची. ती इथे बसवायची असते. ती नसेल तर पतंग येतीलच कशाला?" मग स्वतःच्याच हाताकडे पाहत थांबले. "मग हे पाच कसे आले?"

तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या. पदराची खोळ करून त्यात काहीतरी आणलं होतं. साहेबांसमोर खाली बसल्या, अन् पदर सोडला. घरामागच्या एकरातले हिरवे बोंडं होते ते. एकेक दाबून फोडत गेल्या. प्रत्येकात अळी. एकातही पांढरा तंतू धड नाही.

"साहेब," आत्याबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "मी अडानी बाई हाव. मले इतकंच सांगा. पाच पाखरं एवढं खातील का?"

साहेबांनी एक बोंड उचलून उजेडात धरलं.

"अन् हे पाच तं माह्या घरच्या केरातले व्हय. सकायी हिनं निवडून नेले. आज सव्वीस होते. एकवीस माह्यापाशी हायेत."

ऐकलं का? महिनाभर मी ग्रुपवर आकडे टाकून राह्यली, अन् बाजूले बसून खरी मोजणी कोण करून राह्यलं होतं?

आम्ही तिघं घरी आलो. साहेबांनी मागच्या खोलीत पाऊल ठेवलं अन् विचारलं, "या कपाटात काय आहे?" मी साडी उघडली. माझ्या लग्नाची, मोरपंखी. घडीतून रबराचा तुकडा टुपकन खाली पडला. दुसरा नारळी पौर्णिमेच्या साडीत, तिसरा माहेरच्या. साहेब तो तुकडा बोटात धरून खिडकीबाहेर एकराकडे पाहत राहिले. अख्ख्या एकरातले नर पाखरं माझ्या साड्यांच्या प्रेमात पडून घरी येत होते, अन् मी त्यांले झाडून बाहेर काढत होती.

आत्याबाईनं कोनाड्यातून पिठाचा रिकामा डबा काढला. झाकण उघडलं. आत चिंध्यांच्या गाठोड्या, रांगेनं. माझ्याच ब्लाउजाच्या कापलेल्या चिंध्या. प्रत्येक गाठोडीत सरकी.

"जितके पाखरं, तितकी सरकी," आत्याबाई म्हणाल्या. "एका दिवसाची एक गाठ."

साहेबांनी डायरी काढली. "पण कोणती गाठ कोणत्या दिवसाची, हे कसं कळणार?"

ते मात्र मले कळत होतं. चांगलंच कळत होतं. ही जांभळी चिंधी सरपंचबाईच्या ब्लाउजाची, म्हणजे सुरुवातीचा मंगळवार. आत सहा सरक्या. ही पिवळी अंगणवाडीच्या बाईची, त्याच्या पुढच्या सोमवारची. अकरा. ही हिरवी बुट्टीची, शनिवारची. सतरा. मी एकेक रंग ओळखून दिवस सांगत गेली, साहेब लिहीत गेले. माझ्याच हातानं माझाच पंचनामा झाला, अन् रंग जुळवून झाला.

"आजी, इतकं तुम्हाला दिसत होतं, तर फवारणी का नाही केली?" साहेबांनी विचारलं.

आत्याबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "मी एकटी. डोये अधू. अन् तिकडं साहा जन मोजून राह्यले, तुमच्यासारखा साहेब सरासरी काढून राह्यला. मनलं, एवढे शिकेल लोक चुकतीन कसे? माहंच चुकलं असंन."

खरं सांगते, त्या वेळी मले रडू आलं. मी म्हणत होती माझं चुकलं तर पाच जण सांभाळतील, अन् त्या म्हणत होत्या सहा जण आहेत म्हणजे माझंच चुकलं. मी त्यांच्या पाया पडली. त्या म्हणाल्या, "पाया पडू नको, पानी गरम करायले ठिव. साहेबाले च्या दे."

चहा घेताना साहेब म्हणाले, "ताई, आजचा खरा आकडा ग्रुपवर टाका. लगेच."

मी लिहिलं, सव्वीस. महिन्याभरातला पहिला खरा आकडा. म्हटलं आता ग्रुपवर धरणीकंप होईल, सगळे विचारतील, कबुल्या देतील.

दोन मिनिटं गेले असतील. रफिकभाई, पंचवीस. आडेभाऊ, सत्तावीस. मग बाकीचे तिघं, सव्वीस, सव्वीस, पंचवीस.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी सरासरी काढली, अन् ग्रुपवर लिहिलं, "धोक्याची पातळी ओलांडली आहे. तोंडाला रुमाल, हातमोजे घालून तत्काळ उपाययोजना करावी." तो सल्ला त्या दिवशी गावोगावी गेला, अन् लोकांनी ऐकला, अन् खूप जणांचा कापूस वाचला म्हणतात. कोणी म्हणू नये की आमचा ग्रुप कामाचा नव्हता.

निघताना साहेब प्रमाणपत्र हातात घेऊन दारात घुटमळले. मी म्हटलं, "सर, ते परत न्या. मले लाज वाटते."

"परत कसं नेऊ, ताई? छापून झालंय, नोंद झाली आहे. वर कळवलंय." थोडं थांबून आवाज खाली करून म्हणाले, "अन् हे बाकीचं जे झालं, ते ग्रुपवर टाकू नका." प्रमाणपत्र माझ्या हातात कोंबून गाडीत बसले. महिनाभर नागपुरात बसून त्यांनीही एकदा एखाद्याले 'फोटो पाठवा' म्हटलं नव्हतं, याची मी त्यांले आठवण दिली नाही. माझ्याजवळ तेवढं तोंड कुठं होतं?

नाल्यापलीकडचे दोन एकर आत्याबाईनं दुसऱ्याच दिवशी फवारून वाचवले. घरामागचा मात्र गेला. पहिल्या वेच्याले जेमतेम एक पोतं निघालं, तेही डागी. पिकोची मशीन म्हणजे माझी मशीन, मी स्वतःच्या हातानं झाडून बाहेर टाकली, रोज थोडी-थोडी. आजही फॉल हातानंच लावते. आत्याबाईनं त्यावर एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

आता सापळ्याकडे रोज जाते मी. शंभर पावलं जायचे, शंभर यायचे. आकडा टाकायच्या आधी आत्याबाईले सांगायचा, त्या तेवढ्या सरक्या डब्यात टाकतात, मग मी ग्रुपवर टाकते. रफिकभाईनं नवीन पिशवी लावली म्हणतात. आडेभाऊ अजून एक मिळवतात की वजा करतात, देव जाणे.

हां, ते प्रमाणपत्र. मोठ्या सोनेरी अक्षरात लिहिलंय, 'प्रत्यक्ष व अचूक निरीक्षणाबद्दल', अन् खाली माझं नाव. आमचे हे ट्रकवरून आले, त्यांले खरी गोष्ट माहीत नव्हती, ते खुश होऊन म्हणाले, पुढच्या खोलीत लावू, पाहुण्यांले दिसंन. मीही जरा लोभावली. म्हटलं, जाऊ द्या, भिंत तरी सजेल.

आत्याबाईनं ते माझ्या हातातून घेतलं, पदरानं काच पुसली, मागच्या खोलीत गेल्या, अन् झाडू अडकवायच्या खिळ्यावर टांगलं. झाडू त्याच्याच खाली.

"इथं कायले आत्याबाई?"

"जिथं मोजनी झाली," त्या म्हणाल्या, "तिथंच राहू दे."